जुनी एसयूव्ही घेताय? आधी बोनेटला हात लावा

भाऊ, घरच्यांसाठी गाडी घेताय, चांगलं आहे. फक्त घाई करू नका. गाडी सकाळी, इंजिन थंड असतानाच बघा. बीडला मी पहिली डिझेल गाडी घेतली, ती मालकाने आधीच गरम करून ठेवली होती. बोनेटला हात लावला असता तर तिथंच कळलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली आणि मागून निळा धूर. म्हणजे इंजिन ऑइल जळतंय! वर्षभराची बचत इंजिनकामात गेली.

मीटरवर भरवसा ठेवू नका. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर झिजलेलं आणि मीटरवर ४० हजार, असं असेल तर सर्व्हिसची बिलं मागा. आपल्याकडं शेतरस्त्यांची धूळ फार, म्हणून एअर फिल्टर उघडायला लावा.

आणखी दोन गोष्टी:
- टायरवरचे शेवटचे चार अंक. ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२वा आठवडा.
- आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) कर्जाचा बोजा नाही ना? खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, त्यातली किती उरली?

परराज्यातली गाडी स्वस्त वाटली तरी एनओसी (तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला) आणि इथला रोड टॅक्स धरूनच हिशेब करा. टायर, क्लच, विमा यांचे पैसे आधीच बाजूला काढा. मेकॅनिक मात्र तुमचाच न्या.