किल्ली फिरवल्यावर नुसते ‘टक टक’: बॅटरी बदलावी की सेल्फ?

प्रश्न : माझ्याकडे सहा वर्षे जुनी, पेट्रोलवर चालणारी छोटी मोटार आहे. ती आठवड्यातून एखाद्या वेळीच, तीही जवळपासच्या कामासाठी बाहेर निघते. गेल्या महिन्यापासून सकाळी किल्ली फिरवली की इंजिनाजवळून ‘टक टक टक’ असा भराभर आवाज येतो, डॅशबोर्डवरचे दिवे लागतात, पण इंजिन फिरत नाही. कधी तीन-चार वेळा किल्ली फिरवल्यावर गाडी सुरू होते. बॅटरी गेल्या वर्षीच बदलली आहे. एक मेकॅनिक पुन्हा नवी बॅटरी घ्या म्हणतो, दुसरा सेल्फ बदलायला सांगतो. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मोजमाप झाल्याशिवाय दोन्हींपैकी कशावरही पैसे खर्च करू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. आपण केलेले आवाजाचे वर्णन मात्र फार उपयोगाचे आहे. किल्ली फिरवली की आधी सेल्फवरचा, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या विजेच्या मोटरवरचा, सोलेनॉइड (विजेने ओढली जाणारी चुंबकी कळ) ओढला जातो. तो सेल्फचे दातेरी चाक फ्लायव्हीलला (इंजिनाच्या जड चाकाला) भिडवतो आणि त्याच वेळी आतले जाड संपर्क जोडून मोटरला वीज देतो. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ अशा वेळी शंभर ते दोनशे अँपिअर इतका प्रवाह मागतो. बॅटरी उतरलेली असेल किंवा वाटेतला एखादा जोड खराब असेल, तर ही मागणी होताच व्होल्टेज कोसळते आणि सोलेनॉइड सुटतो. सुटल्याबरोबर व्होल्टेज पुन्हा वर येते आणि तो पुन्हा ओढला जातो. भराभर येणारा आवाज तो हाच. डॅशबोर्डच्या दिव्यांना अगदी थोडा प्रवाह पुरतो, त्यामुळे ते लागले म्हणजे बॅटरी चांगली आहे, असे समजणे चुकीचे आहे.

याउलट, किल्ली फिरवल्यावर एकच ठसठशीत ‘टक’ येऊन सारे शांत होत असेल आणि हेडलाइटचा उजेड तसाच राहत असेल, तर दोष बहुधा सेल्फमध्ये, म्हणजे झिजलेल्या संपर्कांत किंवा मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बन ब्रशमध्ये असतो. म्हणून अंधारात हेडलाइट लावून किल्ली फिरवून पाहावी. आपल्या गाडीचे दिवे त्या वेळी एकदम मंदावतील, असा माझा अंदाज आहे.

तसे झाले, तर पहिला संशय बॅटरीच्या टर्मिनलवर घ्यावा, कारण तीन-चार प्रयत्नांनंतर सुरू होणाऱ्या गाडीत सैल किंवा गंजलेला जोड वारंवार आढळतो. पांढरी वा हिरवट भुकटी साचली असेल, तर आधी ऋण आणि मग धन टर्मिनल सोडवावे, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासावे, कोरडे करावे आणि जोडताना धन आधी, ऋण शेवटी असा क्रम ठेवावा. वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. बॅटरीपासून इंजिनाकडे व बॉडीकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या केबलचे नटही तपासावेत; ही केबल तपासायची बहुतेकांकडून राहून जाते.

त्यानंतर साधा मल्टिमीटर घ्यावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती जवळपास निम्मी उतरली आहे. कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगून आकडा पाहावा. चार्ज केलेली बॅटरीसुद्धा त्या वेळी ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल, तर तीच अशक्त झाली आहे. बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यामध्ये किल्ली फिरवताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर अर्थिंगमध्ये दोष आहे. इंजिन सुरू झाल्यावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे नसतील, तर अल्टरनेटर (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारे यंत्र) तपासून घ्यावा.

आपल्या गाडीचा वापर कमी आहे, हेही लक्षात घ्यावे. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म यांना थोडी वीज लागते. ती ५० मिलीअँपिअर धरली, तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. म्हणजे ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतला तिसरा हिस्सा दहा दिवसांत संपतो, आणि पाच-दहा मिनिटांच्या फेरीत तो भरून येत नाही. उतरलेल्या अवस्थेत बॅटरी वारंवार पडून राहिली, की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात आणि वर्षभरातच ती निकामी होऊ शकते. म्हणून ती बाहेरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करून दुकानात लोड टेस्ट (भार टाकून केलेली चाचणी) करून घ्यावी. वॉरंटी कार्ड सोबत न्यावे. दोष सेल्फचाच निघाला, तरी अख्खा सेल्फ बदलण्यापूर्वी संपर्क किंवा ब्रश बदलून काम होते का, हे एखाद्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला विचारावे.

प्रश्न : दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी सुरू करण्यासाठी जंपर केबल लावताना शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या धातूला लावायला का सांगतात?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शेवटचा जोड करताना ठिणगी उडू शकते आणि बॅटरीच्या आसपास पेट घेणारा हायड्रोजन वायू असू शकतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीपासून दूर पडावी. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, काळा चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला, असा क्रम ठेवावा. काढताना तो उलटा करावा. बॅटरी फुगलेली असेल किंवा तिला तडा गेला असेल, तर केबल लावूच नये.