रोबोटच्या ड्राइव्ह बेससाठी (चाकं आणि मोटर बसतात त्या खालच्या सांगाड्यासाठी) कोणता पत्रा घ्यावा? बेळगावात वाकवून मिळेल का?

५०५२ ग्रेडचा ३ मिलिमीटर ॲल्युमिनियम पत्रा घ्या. लेझर कटिंग आणि बेंडिंग बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चौकशी केलीत की होईल. ६०६१ ग्रेडचं ॲल्युमिनियम ताकदीला सरस आहे, पण टी-६ टेंपरमध्ये (उष्णता देऊन कडक केलेल्या अवस्थेत) पत्रा लहान त्रिज्येत वाकवला की बाकाच्या बाहेरच्या अंगाला तडे जातात. लोखंडी पत्रा स्वस्त, मात्र त्याच मापात वजन जवळजवळ तिप्पट. बेसला कडकपणा जाडीपेक्षा कडांमुळे येतो, म्हणून बाजूच्या पट्ट्यांना वर-खाली २५ मिलिमीटरची कड वाकवा; नुसता सपाट पत्रा जाड करत बसू नका. बेअरिंगची आणि बोल्टची भोकं बाकापासून १०-१२ मिलिमीटर तरी लांब ठेवा, नाहीतर वाकवताना ती लांबुळकी होतात. ड्रॉइंग पक्कं करण्याआधी बेंडिंगवाल्याला त्याच्याकडची डाय (पत्रा ज्यात दाबून वाकवतात तो साचा) आणि बाकाची आतली त्रिज्या विचारा. सपाट पत्र्याची लांबी त्यावरच ठरते, आणि इंटरनेटवरचे आकडे इथे हमखास चुकतात. रोबोट १०-१२ किलोच्या आत असेल तर मात्र २ मिलिमीटर पुरे. सहा चाकं लावणार असाल तर मधल्या चाकांचा अक्ष २-३ मिलिमीटर खाली घ्या, वळायला सोपं जातं.