सुटून आलेल्यांना आधी विचारा, मग योजना आखा

तुरुंग आणि सुटकेबद्दलचे तेच गैरसमज दर महिन्याला नव्या पाकिटातून येतात, म्हणून उत्तरं एकत्र देते.

मुलगा शिक्षा भोगून आला. त्याला मत देता येईल का?
येईल. निवडणुकीतल्या गैरप्रकाराची शिक्षा नसेल, तर मनाई तुरुंगात असेपर्यंतच. यादीत नाव आहे का, ते बघा.

सुटून आलेल्यांसाठी आमच्या संस्थेची योजना तयार आहे. उद्घाटनाला एका माजी बंद्याचं मनोगत ठेवलंय. सहभाग म्हणून एवढं पुरे ना?
नाही. हे म्हणजे लग्न लागल्यावर मुलीला पसंती विचारणं झालं. तुम्ही शाल देता, फोटो छापता आणि त्याच्या वस्तीत जुनी चर्चा पुन्हा सुरू होते.

आम्ही एकदा मोफत वकिलाचं पत्रक काढलं. कलमं बिनचूक. सात वर्षं आत काढलेल्या एका काकांनी ते हातभर लांब धरलं. "मॅडम, काहून इतकं बारीक छापलं जी? आत चष्मा फुटला तर दुसरा कोण देते?" बैठकीत तीन वकील होते, एकालाही हे सुचलं नव्हतं.

म्हणून सुटून आलेल्यांना पहिल्याच बैठकीला बोलवा, आणि एकट्याला नको, दोघा-तिघांना. गुन्हा काय होता, हे विचारू नका. बुडालेली रोजी द्या, श्रीफळ नको. त्यांच्या सूचनेचं पुढं काय झालं तेही कळवा. हे तर कुणीच करत नाही. वेल्समध्ये स्वान्सीच्या तुरुंगात १९९१ पासून बंद्यांनाच शिकवून खचलेल्या सोबत्यांचं ऐकायला बसवलं. आपल्याकडे मात्र भाषण ऐकवायचीच हौस. बोलावलेल्याचं अपील चालू असेल, तर चारचौघांत बोलतं करण्याआधी त्याच्या वकिलाला विचारा.

भाऊ जन्मठेपेत आहे, पदवीधर आहे. आत इतरांना कायद्याची मदत करू शकेल का?
हो. नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, योजनेत चांगल्या वर्तनाचे, शिकलेले, लांब शिक्षेचे बंदी विधी स्वयंसेवक होऊ शकतात. अधीक्षकांकडे अर्ज करू द्या.

कोर्टाबाहेर एक जण पंधरा हजारांत 'रेकॉर्ड साफ' करून देतो म्हणतो.
खिशातला हात बाहेर काढा. सज्ञान माणसाची शिक्षा पुसणारा असा कुठलाही अर्ज नसतो. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली, म्हणजे तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तनाच्या हमीवर, सोडलं असेल, तर कलम १२ मुळे दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. पण ते निकालपत्र वाचूनच कळेल. प्रत घेऊन वकिलाकडे जा. गुन्ह्याच्या वेळी वय अठराच्या आत असेल, तर बाल न्याय कायदा बघावा लागतो.

पुतण्या नागपूरला वर्धा रोडच्या जेलमध्ये कच्चा कैदी आहे, पहिलाच गुन्हा. अर्धी शिक्षा होईस्तोवर काही होत नाही म्हणतात.
म्हणतात कोण? पानठेला? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्याच गुन्ह्यात कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला की सुटकेचा विचार होतो, आणि अधीक्षकांनीच न्यायालयाला लेखी कळवायचं असतं. जुन्या प्रकरणांनाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. मात्र फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात बसत नाहीत, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरी अडतं. म्हणून आधी कागद तपासून घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा. कोठडीतल्या माणसाला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला चकरा मारत बसू नका.