मुजरा कुणाचा?

प्रश्न असा आलाय: ‘जुना पाकिस्तानी “उमराव जान अदा” (१९७२) पाहिला. त्यात नायिका उमराव झालेली अभिनेत्री राणी कोठ्यावर मुजरा करते, आणि आपण महाराजांना मानाचा मुजरा करतो. शब्द एकच का? मग तो महाराजांसाठी टाळावा का?’

शब्द एकच. टाळायचं काहीएक कारण नाही. दर शिवजयंतीला ‘मुजरा म्हणजे नाच, वंदन म्हणा’ असा निरोप फिरतो आणि माझं डोकं फिरतं. सलाम आधीचा, नाच मागाहून आला. गाणारीण मैफलीपुढे आधी वाकून सलाम करायची, म्हणून त्या बैठकीलाच मुजरा म्हणू लागले. आपला तमाशासुद्धा वगानंतर मुजऱ्यानेच संपतो, तेव्हा कुणाला खटकत नाही.

पण खरी गंमत सलामाच्याही मागे आहे. अरबीत ‘जरा’ म्हणजे वाहणं. त्यातून जारी, म्हणजे वाहतं, चालू. त्यातूनच माजरा: ‘मा जरा’, जे काही घडलं ते. आणि मुजरा म्हणजे वाहतं केलेलं, लागू केलेलं. हिशेबात मुजरा म्हणजे जमा धरलेली किंवा वजा करून दिलेली रक्कम. गुजराती व्यापारी अजून ‘मजरे आपवुं’ म्हणतो. कर्नाटकात देवस्थानांचा कारभार पाहणाऱ्या खात्याला मुजराई खातं म्हणतात. तिथे कोण नाचतं ते सांगा!

हिशेबातला शब्द सलामाला कसा लागला? उर्दू-हिंदी-इंग्रजी कोश करणारे प्लॅट्ससाहेब त्यांच्या १८८४ च्या कोशात अर्थांची रांग लावतात आणि पुढे सरकतात. कोशकारांची ही जुनी खोड. पायऱ्या दाखवतात, जिना दाखवत नाहीत. माझा कयास असा: दरबारात नुसतं वाकून भागत नसे, धन्याने ते वाकणं मान्य करावं लागे. म्हणून मराठीत मुजरा ‘रुजू’ होतो. रुजू होणं हा कचेरीतला शब्द, सलामातला नव्हे. तुमची हजेरी धन्याच्या खात्यावर जमा पडली, तो मुजरा. कुणी याला ओढाताण म्हणेल. म्हणोत. मग ‘रुजू’चा उलगडा त्यांनी करून दाखवावा.

उलट, हल्ली लेहंगा आणि ठेका दिसला की कुठल्याही नाचाला मुजरा म्हणतात, ते मात्र चूक. बैठक नाही, सलाम नाही, समोर बसून दाद देणारं कुणी नाही, मग मुजरा कसला?

आणि हो, त्या चित्रपटाचे संगीतकार निसार बज्मी आपल्या खानदेशचे, जळगावजवळच्या नशिराबादचे. मुंबईत बरीच वर्षं काम करून १९६२ साली ते पाकिस्तानात गेले. नूरजहाँच्या आवाजातला शेवटचा मुजरा पुन्हा ऐका. उमराव म्हणते, उरलंसुरलं होतं तेही उधळायला आलेय. खातं मिटवायला आलेल्या बाईची भाषा आहे ही!