इन्शुलिन कुठं ठेवता, हे आधी विचार

प्रिय डॉक्टर,

लेकरांचे हार्मोन्स आणि मधुमेह, यातलं पुढचं शिक्षण घेऊन तू बीडलाच परतणार हे कळलं. फार बरं वाटलं. पुस्तकातलं तुला तिकडं शिकवतीलच. मी लिहितेय ते आपल्याकडच्या घरांबद्दल.

सुरुवातीच्या वर्षांत नऊ वर्षांच्या एका मुलीला टाइप १ मधुमेह निघाला, म्हणजे अंगात इन्शुलिन बनणंच जवळपास थांबलेलं. मी इन्शुलिन सुरू केलं, चिठ्ठीवर 'फ्रीजमध्ये ठेवणे' लिहिलं. आईनं मान हलवली. घरी फ्रीज नव्हता. तिनं बाटली किराणा दुकानदाराच्या आइस्क्रीमच्या पेटीत ठेवायला दिली. गोठलेलं इन्शुलिन निकामी होतं. त्या माउलीनं एकही सुई चुकवली नव्हती, तरी काही दिवसांत मुलगी खोल श्वास घेत, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत असलेल्या अवस्थेत माझ्यासमोर आली. ती वाचली. चूक माझी होती. मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून पहिल्या भेटीत डोस सांगण्याआधी मी घर विचारते. फ्रीज आहे का, तो कुणाचा, लाइट किती तास असते, सुई कोण देणार? फ्रीज नसेल तर मोठ्या गाडग्यात ओली वाळू, त्यात लहान गाडगं, त्यात कोरड्या डबीत बाटली, वर ओलं फडकं आणि जागा सावलीची. आपला उन्हाळा कोरडा असल्यानं पाणी भराभर उडतं आणि आतलं गाडगं चांगलं गार राहतं. फोडलेली बाटली साधारण चार आठवडेच वापरायची, म्हणून फोडल्याची तारीख तिच्यावर लिहायला लाव.

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तेव्हा 'यंदा कुठला कारखाना?' हा प्रश्न तुझ्या तपासणीचाच भाग समज. मूल आईबापांबरोबर फडावर जाणार असेल तर पुरेल एवढं औषध आणि तिथल्या डॉक्टरसाठी चिठ्ठी सोबत दे. आजीजवळ गावात राहणार असेल तर आजीला शिकव. आजीला वाचता येत नसेल, पण सिरिंजवरच्या रेघा मोजता येतात आणि टोपीचा रंगही ओळखता येतो. तो रंग तिच्याकडून घोकून घे. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, १०० युनिट असलेल्या बाटलीला केशरी. १०० ची बाटली लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरली तर १० च्या रेघेवर २५ युनिट जातात. एवढ्यानं लेकरू बेशुद्ध होऊ शकतं. औषध दुकानातून काय हाती आलं, हे दर भेटीत डोळ्यांनी बघ.

नवीन रुग्ण 'शुगर' म्हणून येणार नाही. तो उलट्या, पोटदुखी, धाप घेऊन येतो आणि त्याला गॅस्ट्रो किंवा न्यूमोनिया ठरवून सलाइन लावलेलं असतं. आईला एवढंच विचार: पाणी जास्त पितो का, वाळलाय का, अंथरूण ओलं करणं सुटलेलं मूल पुन्हा करायला लागलंय का? बोटातून थेंब घे. अशी लक्षणं असताना साखर २०० च्या वर असेल तर उपाशीपोटीच्या रिपोर्टसाठी उद्यावर ढकलू नकोस. आसपासच्या डॉक्टरांनाही हे सांगत राहा, तुझ्या दवाखान्यापेक्षा जास्त जीव तिथं वाचतील.

काही महिन्यांनी कुणीतरी घरच्यांना सांगतं, 'सुईची सवय लागते, काढा घ्या.' रागावू नकोस. मी त्यांना टोरांटोच्या १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनची गोष्ट सांगते. ११ जानेवारी १९२२ ला त्याला पहिलं इन्शुलिन दिलं, ते नीट लागू पडलं नाही. अर्क आणखी शुद्ध करून २३ तारखेला पुन्हा दिला आणि पोरगा सावरला. त्याआधी अशा मुलांना जवळपास उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवायचे, एवढाच उपाय होता. आजारपणात मूल जेवत नसलं तरी इन्शुलिन पूर्ण बंद करायचं नसतं, हेही त्याच वेळी पक्कं कर.

थायरॉइडसाठी जन्मल्यावर दोन-तीन दिवसांनी टाचेचं रक्त तपासायला प्रसूतीच्या डॉक्टरांना गळ घाल. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मेंदूची वाढ सांभाळता येते. आणि उंची प्रत्येक मुलाची मोज, सर्दीला आलेल्याचीसुद्धा.

मुलींबद्दल मात्र सावकाश बोल. 'लग्न कसं व्हायचं' या धास्तीनं घरचे शाळेतही लपवतात. मग साखर ७० च्या खाली गेली, मुलगी घामाघूम होऊन थरथरली, तर बाईंना कळत नाही की तीन चमचे साखर लगेच द्यायचीय. बापाला एकट्याला बसवून हे समजाव, घाई न करता, दोन-तीन भेटींत.

रुजू होण्याआधी एक शनिवार माझ्या ओपीडीत येऊन बस. दसऱ्याच्या आधीचा बघ, टोळ्या निघायच्या असतात, सगळ्या आया सहा महिन्यांचं औषध न्यायला येतात.

तुझी,
मॅडम