पुस्तक दिसलं की पोटात दुखतं

"मॅडम, हा खोटं बोलायला लागलाय." एक आई चौथीतल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. झालं असं की वाचन प्रेरणा दिनासाठी शाळेने महिनाभराची स्पर्धा ठेवलेली, म्हणजे 15 ऑक्टोबरला कलाम सरांचा वाढदिवस असतो ना, आपल्याकडे 2015 पासून साजरा होतो तोच. जास्तीत जास्त पुस्तकं वाचायची, प्रत्येकाचा सारांश वहीत लिहायचा, पहिल्या तिघांना सर्टिफिकेट. याने सरळ मागच्या कव्हरवरचा मजकूर उतरवला, बाईंनी पकडलं, सगळ्या वर्गासमोर बोलणी खाल्ली आणि तेव्हापासून पुस्तक दिसलं की याच्या पोटात दुखतं.

आधी त्याच्याकडून थोडं वाचून घेतलं. अक्षरं उलटसुलट होतायत का, शब्द सुटतायत का, डोळे चोळतो का हे बघावंच लागतं, तसं काही असेल तर आवड लावण्याच्या गप्पा काही कामाच्या नाहीत, आधी तपासणी. याचं वाचन छान होतं. क्रिकेटच्या बातम्या तर घडाघडा वाचत होता! मग खोटारडेपणा कुठला, पोराने काम उरकलं होतं एवढंच. नंतर सारांश लिहायचाय म्हटल्यावर आपण मोठे तरी किती वाचू?

1973 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. चित्रं काढायला आवडणाऱ्या छोट्या मुलांना आधीच सांगितलं, काढलंत तर सर्टिफिकेट देऊ. काही दिवसांनी तीच मुलं मोकळ्या वेळेत इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढायला लागली. वाचनाच्या स्पर्धांत मला हाच धोका दिसतो. कार्यक्रम बंद करा असं नाही म्हणत मी, पण त्यात मार्क आणि नंबर कशाला?

आईंना सांगितलं, लायब्ररीत घेऊन जा आणि तुम्ही लांब बसा, तो कॉमिक घेवो नाहीतर गाड्यांचं पुस्तक, तोंड वाकडं करायचं नाही, अर्धवट सोडलं तरी चालेल आणि "काय शिकलास" हे तर अजिबात विचारायचं नाही. लायब्ररीत गोष्ट सांगायचा कार्यक्रम असेल तर नुसतं ऐकायला न्या. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत, त्यातली कोडी आधी सोडवा, गोष्टी नंतर. सुट्टीत जमलं तर पाचगणीजवळचं भिलार, पुस्तकांचं गाव, तिथे घरोघरी पुस्तकं ठेवलीत, कुणी परीक्षा घेत नाही.

बाईंशीही बोलणं झालं, चांगल्या होत्या त्या. पुढच्या वेळी सारांशाऐवजी पुस्तकांची अदलाबदल ठेवली, ज्याला जे आवडलं ते त्याने मित्राला द्यायचं.

मुलगा आता वाचतो का? क्रिकेटचं वाचतो, बाकी फारसं नाही. आईंची काळजी अजून आहेच, "मॅडम, पण परीक्षेत उतारे येतात त्याचं काय?" त्याचा सराव अभ्यासाच्या वेळेत वेगळा करून घ्या म्हटलं, झोपताना तो जे चाळतो त्यात तो उतारा घुसवू नका.