कापडाशिवाय पहिला ड्रेस करताय?

कापड न वापरता ड्रेस करायच्या स्पर्धेत नाव दिलंत, फार छान! आधी ‘प्रोजेक्ट रनवे’ या फॅशन डिझायनरांच्या अमेरिकन टीव्ही स्पर्धेचा २००४ मधला पहिला भाग बघा. न्यूयॉर्कच्या सुपरमार्केटमधून ५० डॉलरच्या सामानात पोशाख करायचा होता. ऑस्टिन स्कार्लेट हा स्पर्धक मक्याच्या कणसांवरच्या पानांचा ड्रेस करून ती फेरी जिंकला.

नवशिके हमखास टेबलक्लॉथ नाहीतर शॉवरचा पडदा उचलतात. ते कापडच झालं, परीक्षकांना त्यात काय नवल वाटणार? कापडासारखं न दिसणारं काहीतरी घ्या.

- नियमात बसत असेल तर आतून मांजरपाटाचा बेस शिवा.
- ओली पानं सुकली की आक्रसतात. एक तुकडा रात्रभर ठेवून बघा.
- नुसत्या हॉट ग्लूवर (गरम करून लावायच्या गोंदावर) विसंबू नका, कंबर आणि खांदे टाक्यांनी पक्के करा.

मॉडेलला आधीच चालवून, बसवून बघा. रंगवणं, विणणं सध्या राहू द्या.